निळ्या दिव्याचा मायक्रोस्कोप

कारभारी विधाते पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आले तेव्हा मी त्यांना पेशंट समजले आणि थुंकीची डबी त्यांच्या हातात दिली. वर सांगितलंही, "खोल खोकून बेडका काढा. नुसती लाळ नको."

त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली, झाकण नीट लावलं आणि परत टेबलावर ठेवली.

"मॅडम, मला खोकला नाय," ते म्हणाले. "तुमच्या मायक्रोस्कोपला हाय, असा निरोप आला होता."

तो १९९५ सालचा श्रावण होता. मी प्रतिभा आहेर, मूळची देवळ्याची. नाशिकला लॅब टेक्निशियनचा कोर्स करून पेठला एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात लागले होते. कौलारू इमारत, तीन खोल्या, त्यातली मागची खोली म्हणजे माझी लॅब. पेठच्या पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तशी ती मायक्रोस्कोपच्या भिंगांनाही येते. दोन आठवडे मला प्रत्येक स्लाइडवर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी नाशिकहून माणूस बोलावला होता, तो हा.

विधात्यांनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली, टेबलावर धुतलेला पांढरा पंचा अंथरला आणि भिंगाची नळी खोलायला घेतली. मी तोवर माणसाच्या हाताकडे असं कधी पाहिलं नव्हतं. बोटं जाड, कामगाराची, पण भिंग उचलताना ती अशी थांबायची की जणू समोरच्याची परवानगी घेताहेत. ज्वारीच्या दाण्याएवढं भिंग चिमट्यात धरून ते खिडकीकडे वळले आणि बराच वेळ त्यातून नुसता पाऊस बघत राहिले.

"साफ झालं?" मी विचारलं.

"झालं. पण साफ झाल्यावर दोन मिनिटं बघायचं असतं," ते म्हणाले. "नाहीतर मजा काय?"

त्यांचं घर नाशिकजवळच्या मखमलाबादचं, फुलं पिकवणाऱ्या माळ्यांचं. वडील आणि भाऊ खंडेराव शेवंती, गुलछडी लावायचे. हे मात्र एकोणिसाव्या वर्षी सातपूरला एका भिंगाच्या कारखान्यात लागले. अकरा वर्षं भिंगं घासली, जोडली, नळीत बसवली. कारखाना बंद पडल्यावर ती पेटी घेऊन फिरायला लागले. कॉलेजं, पॅथॉलॉजी लॅब, द्राक्षांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळा, जिथं मायक्रोस्कोप आजारी तिथं हे हजर. बायको काविळीनं गेली होती. मुलगी पूजा नऊ वर्षांची, ती आजीकडे आणि काकांकडे वाढत होती. हे सगळं मला त्या दिवशी कळलं नाही. तेव्हा मला एवढंच कळलं की माझी स्लाइड आरशासारखी लख्ख दिसतेय, आणि हा माणूस पुढच्या महिन्यात परत यावा असं मला वाटतंय.

ते आले. दर दुसऱ्या गुरुवारी यायला लागले. नाशिकच्या पेठ नाक्यावरून सकाळची एसटी धरायची, वाटेतले दोन्ही घाट चढून यायचं, दुपारच्या गाडीनं परत. मायक्रोस्कोपला काही झालेलं नसलं तरी यायचे. डॉक्टर हसून म्हणायचे, "कारभारीभाऊ, काय बिघडलं आज?" ते म्हणायचे, "बिघडायच्या आधी बघितलेलं बरं."

सातपूरला असताना घडलेली एक गोष्ट ते पुनःपुन्हा सांगत. मुंबईच्या कुठल्या तरी संस्थेचा एक परदेशी मायक्रोस्कोप दुरुस्तीला आला होता. मालकांनी सगळ्या कामगारांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला एक एक मिनिट बघू दिलं.

"काळंकुट्ट, मॅडम. एकदम काळं," ते सांगत. "आणि त्यात पिवळे-हिरवे जंतू. दिवा त्यांच्यावर पडलाय असं वाटतच नव्हतं. ते आपापल्या उजेडात बसलेले. माझं मिनिट संपलं आन् मागच्यानं मला ढकललं. तेव्हापासून मी रांगेतच उभा हाय असं वाटतं."

त्याचं तंत्र त्यांनी मला पाटीवर काढून दाखवलं होतं. टीबीच्या जंतूला ऑरामिन नावाचा पिवळा रंग चढवायचा. त्यावर निळा उजेड टाकला की तो रंग निळा उजेड पितो आणि पिवळसर हिरवा उजेड परत देतो. आता युक्ती अशी करायची की निळा उजेड स्लाइडवर जावा, पण डोळ्यापर्यंत येऊ नये. आणि जंतूनं दिलेला पिवळा तेवढा डोळ्यापर्यंत यावा. त्यासाठी मधे तिरका आरसा लागतो. साधा नाही. निळ्याला खाली ढकलणारा आणि पिवळ्याला आरपार सोडणारा. वर आणखी एक पिवळी काच, चुकूनमाकून आलेल्या निळ्याला अडवायला. बाकी सगळा अंधार.

"सगळी करामत अंधाराची हाय," ते म्हणाले. "उजेड काय, कुणीबी पाडतं."

मला तेव्हा हे ऐकायला छान वाटायचं, एवढंच. त्याची गरज मला पुढच्या वर्षी कळली.

आम्ही तेव्हा जुन्या पद्धतीनं स्लाइड रंगवायचो. निळ्या पार्श्वभूमीवर लाल जंतू. हजारपट मोठं करून, भिंगाला तेल लावून, एका स्लाइडवर शंभर जागा बघायच्या. एका स्लाइडला सात-आठ मिनिटं. दिवसाला पंचवीस-तीस स्लाइडी झाल्या की संध्याकाळी मला भिंतीवरही लाल काड्या दिसायच्या.

१९९६ च्या जानेवारीत सुलाबाई नावाची एक बाई आली. पेठच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची, दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागेत मजुरीला जाणारी. तीन दिवस तिच्या तीन स्लाइडी पाहिल्या. तिन्ही मी निगेटिव्ह लिहिल्या. खोकल्याचं औषध घेऊन ती गेली. ऑक्टोबरात नवऱ्यानं तिला पाठीवर घेऊन आणलं. या वेळी शंभर जागा बघायची गरजच पडली नाही. पहिल्याच जागी जंतूंचा खच होता.

जानेवारीच्या स्लाइडी मी खोक्यात ठेवलेल्या होत्या. त्या काढल्या. एका स्लाइडवर तासभर बसले. दोन जंतू सापडले. दोनच, कोपऱ्यात. पण होते.

त्या गुरुवारी विधाते आले तेव्हा मी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी विचारलं नाही. मीच ती स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि उठून बाजूला झाले. ते खूप वेळ बघत होते.

"हे शोधायला किती वेळ लागला?"

"एक तास."

"तुमच्याकडे होती सात मिनिटं."

"पण होते ना ते तिथं!" माझा आवाज चढला. "नऊ महिने ती बाई खोकत फिरली. घरात लहान पोरं आहेत तिच्या."

ते काही समजूत घालत बसले नाहीत. पेटी बंद करत म्हणाले, "त्या काळ्यावाल्या मायक्रोस्कोपात कमी मोठं करून बघितलं तरी भागतं. एका नजरेत इथल्या दहा-पंधरा जागा मावतात. हे दोघं लपले नसते." मग पेटीची कडी लावून, "आपण बनवू."

तो विकत घेणं आमच्या दवाखान्याच्या आवाक्यातलं नव्हतंच. शिवाय त्याचा पाऱ्याचा दिवा जेमतेम दोनशे तास टिकायचा आणि एकदा विझला की थंड होईपर्यंत पुन्हा लागायचा नाही. पेठला दिवसातून चारदा वीज जायची. पण विधात्यांनी 'आपण' म्हटलं होतं, आणि माझ्या डोक्यात बाकी काही शिरलं नाही.

सुलाबाई वाचली. आठ महिने औषध घेऊन उभी राहिली. तिच्या धाकट्या मुलीला लागण झाली होती, तीही बरी झाली. मी मात्र त्यानंतर प्रत्येक निगेटिव्ह लिहिताना क्षणभर थांबायला लागले.

पहिला प्रयत्न हॅलोजनच्या दिव्याचा. पुढे निळी काच लावली. अंधार झाला खरा, पण सगळाच. जंतूही अंधारात. दीड वर्ष त्यात गेलं. तिरक्या आरशाचं तर काहीच जमेना. असा आरसा आणायचा कुठून?

तो मिळाला नाशिकच्या मेन रोडवरच्या एका फोटो स्टुडिओत. १९९९ साली स्टुडिओवाल्यांनी कॉम्प्युटरवर चालणारं नवीन मशीन घेतलं आणि रंगीत फोटो मोठे करायचा जुना एन्लार्जर भंगारात काढला. विधाते तिथं दुसऱ्याच कुणाचा कॅमेरा द्यायला गेले होते. एन्लार्जरच्या डोक्यात रंग बदलायच्या तीन काचा असतात. त्यातली पिवळी काच त्यांनी खिडकीपाशी तिरकी धरली. आरपार पिवळं दिसत होतं आणि वरच्या बाजूला निळं आकाश पडलं होतं, स्वच्छ निळं. ती काच रुमालात गुंडाळून ते गुरुवारची वाट न बघता मंगळवारीच पेठला आले.

"हे बघा," एवढंच म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

मी काच हातात घेतली. नखाएवढा तिचा एक कोपरा उडालेला होता. तिरकी केली. निळं वर, पिवळं आरपार. आम्ही दोघं एकाच काचेकडे बघत होतो आणि आमची डोकी फार जवळ आली होती. मी आधी बाजूला झाले.

त्यांनी मायक्रोस्कोपच्या नळीत मधे बसेल अशी पितळेची एक चौकोनी डबी बनवली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तिच्यात काच तिरकी बसवली. दिव्याचा प्रश्न होताच. तेव्हा त्यांनी थेट सूर्य घेतला. बाहेर पायरीवर आरसा ठेवून ऊन खिडकीतून आत आणायचं, निळ्या काचेतून डबीत सोडायचं. मार्च महिना होता, दुपारचे बारा. मी ऑरामिननं स्लाइड रंगवली. त्यांनी मला म्हटलं, "तुम्ही आधी."

मी डोळा लावला. आधी काही नाही. मग नजर सरावली, आणि डाव्या बाजूला एक बारीक पिवळी काडी दिसली. मग आणखी एक. मग चार-पाच, वाकड्या, एकमेकींना टेकलेल्या. मी नुसता हात वर केला. तो हात त्यांनी धरला, बहुधा मी पडेन असं वाटून.

"दिसतंय?"

"दिसतंय."

मग ते बसले. मिनिटभर, दोन मिनिटं. या वेळी मागे ढकलायला कुणी नव्हतं. आरशावरचं ऊन सरकलं आणि सगळं विझलं, तरी ते डोळा लावून बसलेच होते.

सुरुवातीला मॅडम म्हणणारे विधाते तोवर मला 'प्रतिभाताई' म्हणायला लागले होते. त्या दिवसानंतर त्यांनी ताई म्हणणं सोडलं. प्रतिभाही म्हणेनात. पुढे कित्येक वर्षं त्यांनी मला कुठल्याही नावानं हाक मारली नाही. "जरा इकडं बघता का?" असं म्हणायचे. डॉक्टरांसमोर तर फार अवघड व्हायचं.

सूर्यावर चालणारं यंत्र पेठसारख्या गावात पावसाचे चार महिने झाकूनच ठेवावं लागतं. पण त्यापेक्षा मोठी अडचण वेगळी होती. आमचा काळोख काळा नव्हता. त्यात एक हिरवट धुकं असायचं. भरपूर जंतू असले तर दिसायचे, पण सुलाबाईच्या स्लाइडवरच्यासारखे दोनच असले तर त्या धुक्यात हरवले असते. म्हणजे जिथून सुरुवात केली तिथंच.

दोन वर्षं आम्ही ते धुकं शोधलं. मी रंग बदलून पाहिले, पार्श्वभूमी काळवंडवणारं पोटॅशियम परमँगनेट कधी दोन मिनिटं ठेवलं, कधी पाच. स्लाइडच्या काचा तीन कंपन्यांच्या आणल्या. विधात्यांनी भिंगं जोडायचा डिंक तपासला; जुन्या भिंगांमधला तो डिंकही निळ्या उजेडात चमकतो, म्हणून त्यांनी दुसरं भिंग मिळवलं. धुकं थोडं विरळ झालं, गेलं नाही. पावसाळ्यात ते यायचे, तेव्हा ऊन नसायचं आणि करण्यासारखं काही नसायचं. आम्ही खिडकीशी बसून चहा प्यायचो. ते पूजाच्या शाळेचं सांगायचे, मी देवळ्याच्या घराचं. गाडीची वेळ झाली की ते पेटी उचलायचे. घाटाकडे जाणारी ती लाल एसटी वळणाआड जाईपर्यंत मी दारात असायचे, आणि मग आत येऊन दोन कप विसळायचे. पंधरा दिवस किती लांब असतात ते मला त्या वर्षांत कळलं.

२००० च्या दिवाळीत माझ्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. दर शनिवारी मी देवळ्याला जायला लागले.

पुढच्या एप्रिलमध्ये एका दुपारी डबीचं झाकण उघडंच राहिलं होतं. ऊन आत सोडलेलं होतं. विधाते वर डोळा लावून बसले होते आणि मी सहज बाजूनं डबीत वाकून पाहिलं. तिरक्या काचेच्या पलीकडच्या भिंतीवर निळा डाग पडला होता, टिकलीएवढा.

"विधाते, हा उजेड इथं काय करतोय?"

त्यांनी डोळा काढला. बाजूनं पाहिलं. मग तसेच खुर्चीत मागे टेकून बसले.

"काच सगळा निळा खाली ढकलत नाय," ते हळूहळू म्हणाले. "थोडा आरपार जातो. समोरच्या भिंतीला धडकतो. भिंतीवरून मागे फिरतो, काचेच्या पाठीवर पडतो आन् सरळ वर डोळ्यात. वरच्या पिवळ्या काचेला तो तिरका लागतो, म्हणून तिलाबी सगळा अडवता येत नाय." त्यांनी कपाळावर हात मारला. "मी ती भिंत काळी रंगवली होती. म्हटलं, काळं म्हणजे झालं. अहो, काळा रंगबी चमकतो!"

उपाय साधा निघाला. ती भिंतच कापून काढायची. तिथं एक वाकडी नळी लावायची आणि आतून काळं मखमल, म्हणजे गेलेला उजेड आत धडपडत राहील आणि परतायची वाट त्याला सापडणार नाही. मखमल मी आणलं, नाशिकच्या रविवार कारंज्यावरच्या एका दुकानातून, ब्लाउजपीसचं. दुकानदारानं विचारलं, "लग्नाचं का?" मी हो म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

नळी बसवली त्या दुपारी काळोख खरोखर काळा झाला. मी कमीत कमी जंतूंची स्लाइड लावली. एका नजरेत तीन जंतू दिसले, दूरदूर, स्पष्ट. मी जागा देऊन उभी राहिले, पण विधाते बसले नाहीत.

"मला एक विचारायचंय," ते म्हणाले. "मी त्रेचाळीस वर्षांचा हाय. पोरगी पंधराची. तुमच्या घरचे लोक काय म्हणतील ते मला ठाऊक हाय. तरी विचारतो. माझ्याशी लग्न कराल का?"

मी एकतीस वर्षांची होते. सहा वर्षं हाच प्रश्न ऐकायची मी वाट पाहिली होती. आणि तो आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा वाकडा झालेला ओठ आला. आठवड्यापूर्वीच भाऊ महेशनं कुठून तरी ऐकून मला बजावलं होतं. "माळ्याच्या घरी जाणार तू? बिजवराकडे? बाबांना हे कळलं तर पुढचा झटका तू दिलास असं समज."

"मला वेळ द्या," मी म्हटलं.

"किती?"

"बाबांची तब्येत..."

"बरं," ते म्हणाले. "थांबतो." आणि मग ते मायक्रोस्कोपपाशी बसले. पण त्या दिवशी त्यांनी नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

ते थांबले. गुरुवार चुकला नाही. पुन्हा एकदाही विचारलं नाही. २००३ मध्ये त्यांना मुंबईत लॅमिंग्टन रोडवर निळ्या उजेडाचा जोरकस एलईडी मिळाला, हरभऱ्याएवढा. टॉर्चच्या सेलवर चालणारा. सूर्याची गरज संपली, विजेची संपली, पावसाळ्याची अडचण संपली. पुढचं वर्षभर मी प्रत्येक पेशंटची एक स्लाइड जुन्या पद्धतीनं आणि एक नव्या पद्धतीनं पाहिली. सहाशे बारा पेशंट. जुन्यात न दिसलेले एकोणीस जण नव्यात सापडले. सात मिनिटांचं काम दोन मिनिटांवर आलं. डॉक्टरांनी ते सगळं लिहून एका परिषदेत वाचलं.

त्यातल्या एका पेशंटबरोबर सुलाबाई आली होती. तिच्या जावेचा खोकला दाखवायला. मी तिला बोलावून मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. ती बराच वेळ बघत होती.

"हे माझ्यात व्हतं?" तिनं विचारलं.

"हो."

"लय नाजूक दिसतंय," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली. मग गंभीर झाली. "तेव्हा हे नव्हतं का तुमच्याकडं?"

"नव्हतं," मी म्हटलं. त्याहून जास्त सांगायला हवं होतं. मी सांगितलंही, त्याच दिवशी, पायरीवर बसून. जानेवारीची स्लाइड, ते दोन जंतू, सगळं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बाई, तुमी सांगितलं म्हून मला कळलं." तिनं मला माफ केलं की नाही ते मला समजलं नाही. ती जावेला घेऊन निघून गेली.

परिषदेतल्या त्या वाचनामुळे अंबाल्याचा एक मायक्रोस्कोप बनवणारा कारखानदार पेठला आला. अशा डब्या शेकड्यांनी बनवता येतील, गावोगावी जातील, असं त्याचं म्हणणं. पण विधाते तिथं हवेत. पूजा बारावी झाली होती, तिलाही तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळवून देऊ म्हणाला.

विधाते गुरुवारी आले. पेटी उघडली नाही.

"काय करू?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं की मी 'नका जाऊ' म्हटलं तर ते जाणार नाहीत. आणि बाबा अंथरुणात होते, चार वर्षं झाली होती, मी विधात्यांना काहीच दिलं नव्हतं. नुसतं थांबवलं होतं.

"जा," मी म्हटलं. "तिकडे शेकड्यांनी होतील. किती सुलाबाया सुटतील."

"ते झालं. तुम्ही?"

"मी इथंच आहे."

त्यांनी मान हलवली. निघताना पहिल्यांदा नुसतं माझं नाव घेतलं. "येतो, प्रतिभा." बाहेर एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

पत्रं यायची, महिन्याला एक. अर्धं पत्र भिंगांचं, दिव्यांचं. अंबाल्याच्या थंडीचं. पूजा पंजाबी फाडफाड बोलते, मला भाजीवाला फसवतो. कारखान्यात डबी ओतीव केली, आता कापावी लागत नाही. यंत्रावर त्यांचं नाव कुठं नव्हतं, हे मला यंत्र पेठला आलं तेव्हा दिसलं. पत्रात त्यांनी ते कधी लिहिलं नाही.

बाबा २००७ च्या फेब्रुवारीत गेले. तेरावं झाल्यावर मी पत्र लिहिलं. चार ओळींचं. शेवटची ओळ होती, 'आता विचाराल का?'

उत्तराला दोन महिने लागले. पूजाचं तिथल्याच एका मुलाशी जमत होतं. मुलाच्या घरचे जुन्या वळणाचे. बापानं या वयात लग्न केलं तर बोलणी मोडतील अशी विधात्यांना भीती होती. 'थोडं थांबू,' असं लिहिलं होतं, आणि खाली, 'हे लिहिताना मला लाज वाटते.'

मी २००८ च्या डिसेंबरात रजा घेतली आणि नाशिकरोडहून अमृतसरच्या गाडीत बसले. एवढ्या लांब मी कधी एकटी गेले नव्हते. अंबाला स्टेशनवर धुक्यात ते उभे होते, कानटोपी, स्वेटर, मिशा पांढऱ्या. मला बघून हिंदीतच बोलायला लागले, "आइए, आइए," आणि मग स्वतःच थबकले.

मी तीन दिवस तिथं होते, एका धर्मशाळेत उतरले होते. त्यांनी मला कारखाना दाखवला. लांबलचक टेबलावर बारा मुली डब्या जोडत होत्या. प्रत्येक डबीच्या एका भिंतीला भोक आणि वाकडी नळी. विधाते एकेकीच्या मागे थांबून हाताकडे बघायचे. पूजानं एका संध्याकाळी जेवायला बोलावलं. तिनं भाकरी केली होती, जाड झाली होती, आणि ती सारखी माझ्याकडे चोरून बघत होती. मी निघताना ती म्हणाली, "पपा गुरुवारी कधीच कुणाशी नीट बोलत नाहीत. मला आज कळलं का ते." मी तिच्या गालावरून हात फिरवला.

परतीची गाडी धुक्यामुळे चार तास उशिरा होती. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी मफलर काढून मला दिली, मी घेतली.

"परत चला," मी म्हटलं. "पेठला मायक्रोस्कोप खूप आजारी पडतात."

ते हसले. "मी विचारलं तेव्हा तुम्ही थांबायला सांगितलं. तुम्ही विचारलं तेव्हा मी. आपण दोघं लय चांगले थांबतो."

"चांगलं आहे का ते?"

"नाय," ते म्हणाले. "अजिबात नाय."

गाडी आली तेव्हा त्यांनी माझी बॅग डब्यात चढवली आणि खिडकीच्या गजावर हात ठेवून उभे राहिले. मी त्यावर हात ठेवला. लोक बघत होते. आम्ही हात काढले नाहीत. गाडी हलली तसे ते चार पावलं बरोबर चालले आणि मग धुक्यात दिसेनासे झाले. मनमाड येईपर्यंत मी ती मफलर गळ्यातून काढली नाही, आणि मनमाडला तर चांगलं ऊन होतं.

पूजाचं लग्न यंदा, २००९ च्या मे महिन्यात झालं. मला पत्रिका आली होती, पण त्याच आठवड्यात तालुक्याची तपासणी मोहीम होती. विधात्यांनी दिवाळीला येतो असं कळवलं होतं. मी महेशलाही आमच्या लग्नाचं सांगून टाकलं. तो नाही म्हणाला नाही. दिवाळीच्या आधी कारखान्याला साडेतीनशे नगांचं काम आलं, आणि दिवाळी त्यांच्याविनाच झाली.

मागच्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. हे काम संपलं की निघतो, असं लिहिलंय. मखमलाबादला खंडेरावांनी त्यांच्यासाठी एक खोली रंगवून ठेवलीये. मी परवा जाऊन बघून आले, खिडकी पूर्वेला आहे, उजेड चांगला येतो. तसं मी उत्तरात कळवलं. या, म्हणून लिहिलं. तारीख विचारली नाही.